कॅरम बोर्डावरचा समुद्र

२ नोव्हेंबर
स्टील प्लांटच्या प्लेट मिलमधून रिटायर होऊन चार महिने झाले. आजपासून कला. कपातून अ‍ॅक्रेलिक ओतलं की चित्र स्वतःच बनते, ब्रश लागत नाही. व्हिडिओवाला म्हणते, सरफेस सपाट अन् कडक पाहिजे. तीस वर्षं मी सपाट पत्रेच पाहिले. मले कोण शिकवन?

३ नोव्हेंबर
ड्रॉइंग पेपर. भिजून पापडासारखा वळला. चूक कागदाची.

५ नोव्हेंबर
कॅनव्हास. मधी झोल पडला, सगळा कलर तिथंच जमा. मागून पुठ्ठा लावा, असं दुकानदार म्हणाला होता. पण जोर देऊन नाही म्हणाला.

८ नोव्हेंबर, दुपारी
माही बायको नूतन बहिणीकडं बोरसी गावाले गेली. दिवाणाखाली तिचा कॅरम बोर्ड सापडला. गुळगुळीत, चारही बाजूनं कठडा. भोकांले टेप लावली अन् ओतलं. निळा, पांढरा. समुद्रच!
मागं तिच्या अक्षरात लिहिलं हाये, ‘लेडीज क्लब, फर्स्ट’. ते जुनं. आता कोण खेळते?

९ नोव्हेंबर
नूतन आली. म्हणे, क्लबातल्या रेणूनं माहं नाव दिलं, पुढच्या रविवारी क्लबात मॅच हाये, बोर्ड काढा, हात बसवा लागन.
मी म्हटलं, शेजारच्या दौलतरावानं नेला.

१० नोव्हेंबर
ती थेट दौलतरावाकडं गेली. त्या भल्या माणसानं मले वाचवाले ‘हो, नेला’ म्हटलं. आता दोघं खोटारडे.

१२ नोव्हेंबर
खाली कॅरमची बोरिक पावडर होती, कलर धड चिकटलाच नाही. टोक धरून ओढलं, अख्खा समुद्र निघून आला. सोबत मधला लाल गोल अन् दोन रेघा.
तेवढ्यात नूतन दारात. सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. “मले विचारलं असतं तर मीच दिला असता,” म्हणाली. अन् गोल नसलेल्या बोर्डावर अंदाजानं सोंगट्या मांडून बसली.

१६ नोव्हेंबर
पहिल्याच राउंडमधी हरली. म्हणे, बोटं अकडली. मले माहीत हाये कावून हरली.
येताना माह्यासाठी एमडीएफचा सपाट, कडक लाकडी बोर्ड घेऊन आली. पेंटिंगसाठी हाच चांगला म्हणते दुकानदार, असं म्हणून टेबलावर ठेवला अन् चहा मांडाले गेली.
मी अजून त्याचं प्लास्टिक काढलं नाही.