बिनहळदीचं जाळं

प्रिय माय,

तू गेल्याला चार वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले, कारण मला भीती वाटते आहे. उद्या पहिल्या गाडीने चंद्रपूरला तपासायला जायचं आहे. त्याआधी तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

माझी पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. बारा दिवसांपूर्वी लुगड्यावर डाग दिसला. मोरीत उभी राहून मी तो बघत राहिले. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? दवाखाना नाही, माय. हळद आली!

आपल्या घरची रीत तुला काय सांगायची! तलावात नवं जाळं टाकायच्या आधी त्याला हळद लावायची आणि ती विटाळ संपलेल्या बाईनेच लावायची. आजीनंतर तू लावायचीस. वहिनीची पाळी अजून सुरू आहे, म्हणून तुझ्यानंतर तो मान चार घरं पलीकडे दिलेल्या लेकीकडे, माझ्याकडे आला. यंदाचं जाळं बाबांनी विणून तयार ठेवलं होतं.

मी डाग धुतला आणि कुणालाच सांगितलं नाही. मी, गावची आशा सेविका! गावभरच्या बायकांना हाताला धरून दवाखान्यात नेणारी!

तुझं सगळं आता आठवतं. तू तुझं आवडतं पिवळं लुगडं मला दिलंस. म्हणालीस, "माह्या वयाले आता शोभत नाई." त्यानंतर तू फक्त गडद रंगाचीच लुगडी नेसलीस. आणि मी वेडी, फुकटचं लुगडं मिळालं म्हणून खूष झाले!

तुझं पोट वाढलं तेव्हा आम्ही तुला चिडवलं. मासोळीची टोपली घेऊन बाजाराला निघालीस की वाटेत तीनदा बसायचीस. मी माझ्या पिशवीतल्या रक्तवाढीच्या गोळ्या आणून दिल्या आणि मोठं काम केल्यासारखी घरी गेले. रक्त कमी कशानं झालं, एवढं विचारायला काय झालं होतं मला? माझ्या वहीत पोटुशी बाई होती, बाळंतीण होती, पाळणा लांबवणारी होती. तुझ्या वयाच्या बाईसाठी रकानाच नव्हता, म्हणून मीही तुला विचारलं नाही.

तू तरी काऊन बोलली नाहीस गं? तीन वर्षं अंगावरून जात होतं! तलावाच्या पलीकडच्या काठाला, बेशरमाच्या झुडपांमागे जाऊन कपडे धूत राहिलीस. पोटात गाठ आहे हे तुला आधीपासून माहीत होतं. पाळी गेली की ती आपोआप सुकते, असं कधीतरी कुणी सांगितलं होतं, तेवढंच तू धरून बसलीस.

शेवटी तू अंगणात चक्कर येऊन पडलीस, तेव्हा तुला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाळी गेल्यावर गाठ लहान व्हायला हवी. यांची वाढली, वर रक्त जातंय. यांना इतके दिवस घरी का ठेवलंत?" गर्भपिशवीच्या आतला तुकडा तपासायला गेला आणि कागद आला. आपण जिला साधी गाठ समजत होतो, तिच्यासोबत कर्करोग वाढला होता. आधी आणलं असतं तर पिशवी काढून बाई वाचली असती, असं त्या म्हणाल्या. ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

तिथल्या दवाखान्याच्या खाटेवर तू मला हळूच सांगितलंस, "हळदीचा मान जाईन म्हून बोलली नाई, पोरी. तुह्या बाबाले सांगू नोको." मी नाही सांगितलं. तुझा शब्द पाळला. चुकलंच माझं.

काल दुपारी बाबांनी नवं जाळं ओसरीत पसरलं. मी ताटलीत हळद भिजवून उभी राहिले. बाबा म्हणाले, "लाव वो, काऊन थांबली?"

माझी बोटं हळदीत होती आणि मला तुझं पिवळं लुगडं आठवलं. बापाशी असलं कोणी बोलतं का? पण तोंडातून निघालंच. "बाबा, मले अंगावरून जाऊन राह्यलं. अकरा दिवस झाले. मायलेबी असंच होतं."

मग मी सगळं सांगितलं. ते जाळ्याच्या गाठी चाचपत खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आता रागावतील.

"एका घरात राहून मले समजलं नाई," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज फुटला. "तिनं मले सांगतलं असतं त मी बिनहळदीचं टाकलो असतो ना जाळं!"

माय, एवढंच होतं गं! एवढंच!

आज सकाळी भावाने ते जाळं तसंच तलावात टाकलं. मी काठावर उभी होते. मरळ लागले, झिंगे लागले. दरवर्षीइतकेच.

उपकेंद्रातल्या नर्सताई म्हणतात, दरवेळी वाईटच निघतं असं नाही, बऱ्याचदा साधंच असतं, पण तपासल्याशिवाय कुणी ठरवू नये. मला ते पटतं. तरी वाटतं, तो कागद पुन्हा माझ्या हातात येईल आणि या वेळी वर माझं नाव असेल. मला मरायचं नाही, माय. नातीचं बारसं अजून व्हायचं आहे.

तुला वचन देते. उद्या मी गाडीतून अर्ध्या वाटेत उतरणार नाही. कागदावर काहीही असो, घरी येऊन मोठ्याने वाचेन. आणि बरी झाले की गावातल्या तुझ्या वयाच्या एकेका बाईला विचारेन, वहीत रकाना असो नसो. तुला विचारायचं राहिलं, तेच.

पिवळं लुगडं काढून ठेवलंय. डाग पडला तर पडू दे. उद्या तेच नेसून जाणार आहे.

तुझी घाबरलेली लेक,
सुमन