समुद्राने परत केलेला नारळ

कॉव्हेंट्री, २९ जुलै

चि. सौ. रेखास,

ताईचे अनेक आशीर्वाद आणि सोबत एक नारळ.

ईशानीची नॅशनल पार्कमधली नोकरी ऑगस्टमध्ये पक्की होणार की नाही, या काळजीने तू झोप घालवून बसली आहेस, असं राजीवरावांनी फोनवर सांगितलं. लेकीकडे पेंब्रोकशरला जातेच आहेस, तर नारळी पौर्णिमेला हा समुद्राला वाहा आणि तिच्यासाठी मागणं माग. दुकानातले सगळे नारळ कानाशी हलवून, टिचक्या मारून निवडलाय. दुकानदाराने विचारलं, जावई शोधताय का? शेंडी मोडू नकोस.

लोभ आहेच, आठवण करून द्यायला लावू नकोस.

तुझी सुनीतीताई

पेंब्रोकशर, ११ ऑगस्ट

ती. सुनीतीताईस,

शि. सा. न. घाबरून लिहिते आहे, अक्षराला हसू नये.

इथली पुळण पाहून आजोळ आठवलं. फक्त माडांच्या जागी ग्रॅनाइटच्या टेकड्या, आणि ऑगस्टात स्वेटर. हळदकुंकू लावून नारळ सोडला, तर समुद्राने लगेच परत केला. पुन्हा सोडला, पुन्हा परत. शेवटी ह्यांनी पँट दुमडून, कंबरभर पाण्यात जाऊन भिरकावला.

दुसऱ्या दिवशी एका लॅब्राडॉरने तो तोंडात धरून पार्कच्या ऑफिसात नेला. हळदकुंकू धुऊन गेलेलं. ईशानीच्या साहेबीण मेगनबाई आनंदाने नाचल्याच. म्हणाल्या, कॅरिबियनहून अटलांटिक ओलांडून आला! काचेच्या पेटीत ठेवलाय. शनिवारी ईशानीने त्यावर लोकांपुढे बोलायचंय. ती नारळ पेटीच्या चारी बाजूंनी निरखून पाटी लिहायला गेली.

ताई, सोलून शेंडी ठेवलेला नारळ कधी वाहत येतो का? कोणीही देशी माणूस हसेल. खरं सांगावं तर साहेबीण तोंडघशी पडणार, न सांगावं तर पोर. नोकरी दोन्हीकडून गेली! शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, खरं लपवलं की जिभेवर डाग पडतो. मी आरशात सारखी जीभ बघतेय. हे म्हणतात, जीभ उत्तम आहे, वापर तेवढा कमी कर.

घाबरलेली रेखा

कॉव्हेंट्री, १३ ऑगस्ट

चि. रेखास,

आशीर्वाद, पण रागावून. शनिवारच्या आत सांगून टाक, नाहीतर मी ट्रेनने येऊन सांगेन. नारळात खोट नाही, राजीवरावांच्या फेकण्यात आहे. शाळेपासून तुझा पोटदुखीचा बहाणा मला ठाऊक आहे, तो करू नकोस.

सुनीतीताई

पेंब्रोकशर, १८ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. पोटात खरंच दुखलं, तरी गेले. भाषणाआधीच सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं, की नारळ माझा आहे. कोणी दचकलंच नाही! ईशानीने पाटीवरचं फडकं काढलं. त्यावर लिहिलं होतं, हा नारळ अटलांटिक ओलांडून नव्हे, कॉव्हेंट्रीच्या दुकानातून निघून माझ्या आईच्या गाडीतून आला. कृपया समुद्रात काही टाकू नका. कार्टीने तुझ्या देव्हाऱ्यातल्या नारळासारखी शेंडी पहिल्याच दिवशी ओळखली होती आणि मेगनबाईंना तेव्हाच सांगितलं होतं. मी आपणहून कधी बोलते, याचीच दोघी वाट बघत होत्या.

मेगनबाई म्हणाल्या, सख्ख्या आईलाही सूट न देणारी मुलगी पार्कला हवीच. नोकरी पक्की! शिक्षा म्हणून आम्ही दोघांनी पिवळी जाकिटं घालून पुळणीवरचा कचरा वेचला.

मग तो नारळ ह्यांनी ग्रॅनाइटवर फोडला. ताई, आतून पार नासका! लॅब्राडॉर पळाला, मेगनबाईंनी नाक धरलं. समुद्राला पहिल्याच लाटेला कळलं होतं, तुला एवढ्या टिचक्या मारूनही नाही.

पण आई म्हणायची, नारळ नासका निघाला की देवाला पोचला. तेव्हा पुढच्या वर्षीही तूच निवड.

लोभ असावा, वासासकट.

तुझी रेखा