ताटात धुतलेले हात

अल मजाज, शारजा
जानेवारी २००२

प्रिय शर्वाणी,

काल फोनवर तू विचारलंस, आफ्रिका कशी होती, आणि मी म्हणाले, छान. बाबा शेजारीच पेपर घेऊन बसले होते, त्यामुळे तेवढंच म्हणता आलं. आफ्रिकेला मी नावं ठेवत नाही. हत्ती छान होते, जिराफ छान होते, वाळूचे डोंगर तर इतके लाल की आपलं इथलं वाळवंट त्यांच्यापुढे फिकं वाटावं. पण ती सहल आठवली की मला अजून शिसारी येते. पुढच्या महिन्यात तुझा कुणालशी साखरपुडा आहे आणि दर फोनला तू विचारतेस की त्याच्या घरची माणसं सहवासात कशी वाटली. तर आता निवांत बस आणि वाच. मैत्रिणी असतील खोलीत तर त्यांना मेसमध्ये पाठव.

सहलीची कल्पना जगन्नाथरावांची, हे तुला माहीत आहे. व्याही होण्याआधी दोन्ही घरांनी एकत्र राहून बघावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. तुझं सबमिशन होतं म्हणून तू आली नाहीस, तेव्हा मला वाईटही वाटलं होतं. विंडहुकला उतरायचं, तिथून एटोशाचं अभयारण्य, मग समुद्राच्या काठाकाठाने खाली केपटाऊनपर्यंत, आणि सगळा मुक्काम तंबूत. जगन्नाथरावांनी तिकिटं काढली, पण पुढचं काही वाचलं नाही. त्यांच्या डोक्यात आपल्याकडची सहल होती, म्हणजे बरोबर आचारी, सकाळी चहा तंबूत, रात्री वरणभात आणि नंतर भेंड्या. प्रत्यक्षात एक ट्रकसारखी उंच गाडी, वीस-बावीस गोरी तरुण पोरं, एक जर्मन जोडपं आणि आम्ही पाच जण. गाडी चालवणारी आणि आमची सगळ्यांची मुकादम एकच, केपटाऊनची जैनब. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की तंबू आपला आपण लावायचा, भाजी सगळ्यांनी चिरायची, भांडी पाळीपाळीने घासायची. भांडी पुसायला फडकं नाही. सगळ्यांनी गोल उभं राहून ताटल्या हवेत हलवून वाळवायच्या. त्या गोऱ्या पोरांना त्याची मजा वाटायची, कोंबड्यांनी पंख फडफडवावेत तसे हात हलवत गाणी म्हणायची.

तंबूत झोपणं, संडासात बेडूक, केसांत वाळू, हे सगळं मी धरत नाही. त्याने माणूस मरत नाही. मी सांगणार आहे ते जेवणाचं. पहिल्या रात्री जगन्नाथरावांचं जेवण झालं, त्यांनी बाटली उचलली आणि ताटलीतच हात धुतले. चूळसुद्धा त्यातच. भाताची शितं, मटणाची हाडं आणि वर ते पाणी. मग ताटली पायाशी ठेवून उठून गेले. तू लहानपणी गावाला पाहिलं असशील जुन्या पुरुषांना असं करताना, तेव्हाही मला ते बघवायचं नाही. इथे तर सगळे गोल बसलेले, मधे शेगडी. ती जर्मन बाई आपल्या ताटलीतलं तसंच सोडून उठली. जैनबने त्यांना हाक मारून सांगितलं की सर, आज भांड्यांची पाळी तुमची आहे. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त म्हणाले, "विद्या, यल्ला, चल, बघ जरा ते." आणि विद्युल्लताबाई आपली जेवायची ताटली खाली ठेवून उठल्या. त्यांच्या ताटलीत अर्धा भात होता.

मग रोजचंच झालं ते. जगन्नाथरावांची पाळी विद्युल्लताबाई करायच्या, कुणालचीही त्याच करायच्या. तू म्हणशील, आई, कुणाल तसा नाही. बरोबर आहे, तो काट्याने जेवतो, ताटलीत हात धुवत नाही, शीत सांडत नाही. फक्त ताटली खुर्चीखाली सरकवून जातो. जैनबने एकदा त्याला हसत हसत टोकलं, तर म्हणाला, "मॉम लव्ह्ज इट, शी कान्ट सिट आयडल." त्याच्या आईला भांडी घासायची हौस आहे, हे मला तेव्हा कळलं. आणि तुझे बाबा, जे इथे आपली ताटली आपण बेसिनमध्ये नेऊन ठेवतात, दोनतीन दिवसांत त्यांचीही ताटली खुर्चीखाली जायला लागली. मी उचलली नाही. ती तिथेच राहिली आणि सकाळी मुंग्यांनी भरली, तेव्हा माझ्यावरच चिडले की लोकांत शोभा केलीस. त्यांच्या वर्कशॉपचं निम्मं काम जगन्नाथरावांच्या कंपनीकडून येतं, त्यामुळे जगन्नाथराव जे करतील ते शोभून दिसतं.

एटोशात विद्युल्लताबाईंशी माझी गट्टी जमली. सिंह बघायला सगळे कॅमेरे घेऊन खिडक्यांशी, आणि आम्ही दोघी मागच्या बाकावर. बाई फार मजेशीर आहेत गं. नकला काय सुंदर करतात. गेंडा पाण्यावर कसा येतो आणि जगन्नाथराव अरबांच्या मजलिसमध्ये, त्या बैठकीच्या खोलीत, कसे शिरतात, हे त्यांनी मला बसल्या जागी खांदे हलवून दाखवलं, मी हसून बेजार झाले. तुझ्याबद्दल सारखं विचारायच्या. ती सकाळी चहा घेते की कॉफी, तिला गाणं आवडतं का, ती रागावली की बोलते की गप्प बसते. मी म्हटलं, गप्प बसत नाही. तर म्हणाल्या, बरं आहे. मात्र कुणाल जवळ आला की त्या मिटायच्या. तो काही बोलायच्या आतच त्यांचा चेहरा हसायला तयार असायचा.

आता केप क्रॉस. तिथे किनाऱ्यावर हजारो सील असतात, काळे, ओले, एकमेकांच्या अंगावर लोळणारे. गाडी लांब असतानाच वास आला. सुकी मासळी, मोरी आणि मेलेलं जनावर एकत्र केलं तर कदाचित त्या वासाच्या जवळपास जाता येईल. मी पदर नाकाला लावून उतरले. दगडी कठड्यापलीकडे नुकती जन्मलेली पिल्लं, काही जिवंत, काही चिरडून मेलेली, आणि मधून कोल्हे फिरताहेत. मी दोन पावलं मागेच थांबले. विद्युल्लताबाई मात्र कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. जैनब सांगत होती की आई समुद्रातून परत येते तेव्हा एवढ्या गर्दीत आपलं पिल्लू आवाजाने ओळखते, वासाने खात्री करते, दुसऱ्याचं जवळ येऊ देत नाही. बाईंनी मला इंग्रजीत विचारायला लावलं की मोठं झाल्यावर ते पिल्लू आईला ओळखतं का. जैनब म्हणाली, मला नाही माहीत. बाई अजून थोडं बघत राहिल्या, मग मागे वळल्या आणि त्या ओल्या घाणीवरून त्यांचा पाय घसरला.

अशा तशा पडल्या नाहीत. उताण्या पडल्या, साडीसकट त्या घाणीत, हात अंगाखाली गेला. मी धावले, जैनब धावली. कुणाल आमच्याहून जवळ होता. त्याच्या हातात हँडीकॅम होता आणि तो त्याने खाली केला नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, कुणाल, हात दे. तो म्हणाला, "वन सेकंड आँटी, वन सेकंड." जगन्नाथराव पोट धरून हसत होते. आणि शर्वाणी, बाई स्वतः हसत होत्या. तोंडापर्यंत ती घाण उडालेली, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि हसताहेत.

संध्याकाळी स्वाकोपमुंडच्या तळावर त्याने ते सगळ्यांना दाखवलं. कॅमेऱ्याची ती छोटी पाटी उघडून एकेकाकडे घेऊन जात होता. मागे नेऊन पुन्हा लावायचा, आता बघा, आता पाय जातो, आता मॉमचा फेस बघा. जर्मन जोडप्याने बघून कॅमेरा तसाच परत दिला. तुझे बाबा हसले. दोनदा हसले. बाईंचा मनगटापासून हात सुजला होता, मी त्यांच्याच डब्यातली हळद गरम करून लावली, तर त्या अवस्थेत ताटल्या गोळा करायला उठल्या. मी कुणालला बाजूला घेऊन म्हटलं की पुरे कर आता. त्याला राग आला नाही, तो गोडच बोलला. "चिल आँटी, आमच्या घरात असंच असतं. शर्वाणीला बघा, शी विल लव्ह इट." तू मला नेहमी सांगतेस ना, तो खूप हसवतो म्हणून. हसवतो. त्या रात्री तळावरची निम्मी पोरं हसत होती. मी मात्र चहा घेऊन त्याच्या शेजारून उठले.

केपटाऊनपर्यंतचं सांगत नाही. जे बघायचं ते बघून झालं होतं. परत आल्यावर मी बाबांना म्हटलं की मला हे स्थळ नको. ते म्हणाले, एक बाई चिखलात पडली म्हणून लग्न मोडतात का, आणि जगन्नाथरावांना काय सांगू? मी मूग गिळून बसले, कारण मलाही वाटलं, तुझं प्रेम आहे, तू मोठी आहेस, मी कोण मधे बोलणारी. तशीच बसले असते आणि साखरपुड्याला मिरवले असते.

पण परवा दुपारी बाबा इंडस्ट्रियल एरियात गेले असताना दारात विद्युल्लताबाई उभ्या. एकट्या, टॅक्सीने. इतक्या वर्षांत त्या आपल्याकडे कधी एकट्या आल्या नव्हत्या. हाताला अजून पट्टी होती. डाव्या हाताने चहा प्यायल्या, मी नको नको म्हणेपर्यंत कप विसळून पालथा घातला, आणि बेसिनशीच उभ्या राहून म्हणाल्या, "अपर्णाताई, शर्वाणीला आमच्याकडे देऊ नका." त्या पुढे म्हणाल्या, "मला ती फार हवी होती हो. घरात कुणीतरी बोलायला आलं असतं. पण वर्षभराने तीही माझ्यासारखी हसायला लागेल." मग एवढंच मागितलं की माझं नाव येऊ देऊ नका, मला त्याच घरात राहायचंय.

म्हणून हे पत्र. फोनवर बोलता येत नाही, आणि तू उत्तर पत्राने पाठवू नकोस, आपली सगळी डाक बाबांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सला येते. सकाळी ते बाहेर पडले की फोन कर. निर्णय तुझा. हो म्हणालीस तर मी भांडेन, रडेन, आणि अक्षताही टाकेन. नाही म्हणायचं असेल तर ते तुझं तू कुणालला सांग, कारण काय हवं ते दे, बाबांचं काम अडलं तर अडू दे, मी बघते. पण त्यात बाईंचा शब्द कुठे यायला नको. जाताना त्या साखरपुड्यासाठी घेतलेली तुझी साडी ठेवून गेल्या. मी परत देत होते, तर म्हणाल्या, तिचीच आहे, दुसऱ्या कुणाच्या हाताने अंगठी घालून घेताना नेसली तरी चालेल. मोरपंखी आहे. तू म्हणे त्यांना दिवाळीच्या फोनवर सहज म्हणाली होतीस की हा रंग आवडतो. मलाही माहीत नव्हतं. माझ्या कपाटात ठेवली आहे.

तुझ्या फोनची वाट बघणारी, तुझीच,
आई