शंभर पेशंट निघाले आहेत

४ मार्च, सकाळी १०.२०. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे मोबाइल पाहत होतो. मालक बँकेत. लोक नेटवर काय शोधतात, त्याचा आलेख काढणारी एक साइट सापडली. 'परदेशात स्वस्त ऑपरेशन' असे इंग्रजीत टाकले. रेघ सरळ वर! आकडा १००. म्हणजे परदेशातून शंभर माणसे इकडे निघाली आहेत आणि शहरात कोणाला पत्ता नाही. फक्त मला.

५ मार्च. बेत पक्का. मोठ्या हॉस्पिटलसमोर तीन खोल्या घ्यायच्या. परदेशी पेशंटना उतरवून घेणे, पथ्याचे जेवण, सोबत. भांडवल : बाबांच्या हर्नियासाठी ठेवलेले ऐंशी हजार. ऑपरेशन मे महिन्यात, तोवर दुप्पट होतील. बाबा म्हणाले, "घे. हर्निया कुठे पळून जातोय?"

९ मार्च. नोकरी सोडली. मालकांनी विचारले, कुठे चाललास? म्हणालो, मेडिकल टुरिझममध्ये. म्हणाले, "का रे, बरं वाटत नाही का?"

१५ मार्च. खोल्या ताब्यात. घरमालकीण म्हणाली, पेशंट मेला तर डिपॉझिट परत मिळणार नाही. सहा खाटा, सहा गाद्या, चाकाची खुर्ची. साइट सुरू. चौकशीचा फॉर्म सोळा वेळा तपासला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

२ एप्रिल. साइटला आज ४१ भेटी! ताई हॉस्पिटलात बिले करते. तिने विचारले, तू स्वतः कितीदा उघडलीस? मोजले. चाळीस. म्हणजे एक खरा. सुरुवात अशीच होते.

३ एप्रिल. ताई पुन्हा. "अरे शहाण्या, शंभर म्हणजे माणसं नव्हेत. ज्या आठवड्यात सगळ्यांत जास्त शोधलं, त्याला ते शंभर म्हणतात. पाच जणांनी शोधलं तरी शंभरच. आणि शोधणारा येतोच असं कोणी सांगितलं? तू रोज विमानाची तिकिटं शोधतोस, बसलायस कधी?" ताईला धंद्यातले कळत नाही. उत्तर दिले नाही. सुचले की लिहीन.

२० एप्रिल. उत्तर सुचलेले नाही. बाबा खोकताना तळहाताने पोट दाबून धरतात. विचारले, तर म्हणाले, सवय आहे. मेअखेरपर्यंत निदान दोन पेशंट हवेत. आजपासून साइट दिवसातून फक्त दहा वेळा उघडणार.

२१ एप्रिल. तेवीस वेळा. उद्यापासून.

११ मे, दुपारी २.०५, घरी. पहिली चौकशी आली!! 'वय ६४. हर्निया. उजवी बाजू. आपल्याकडे हप्त्याने ऑपरेशन होते का? मुलाला कळवू नये.' खाली मोबाइल नंबर. न वाचताच ताबडतोब लावला. शेजारच्या खोलीत वाजला.

११ मे, २.४०. बाबा म्हणाले, "तुझीच कंपनी होय? साइटवर नाव कुठे आहे तुझं?" ताईने त्यांना मोबाइलवर शोधायला शिकवले. महिनाभर रोज साइट उघडून बघत होते, लिहायचा धीर होत नव्हता. मग हसून म्हणाले, "घरच्यांना सवलत असेल ना?" फॉर्म अजून उघडाच आहे.

१८ मे. सरकारी दवाखाना. रांगेत तीन तास. खिडकीवरच्या बाईंनी ऑक्टोबरची तारीख दिली. मी म्हणालो, त्यांना दुखतं हो. बाई म्हणाल्या, "इथं न दुखणारं कोण येतं?" डॉक्टरांनी सांगितले, वजन उचलू नका; गाठ कडक झाली किंवा उलट्या झाल्या, तर तारखेची वाट न पाहता या. आता रात्री बाबांनी कूस बदलली की मी दिवा लावतो. ते म्हणतात, झोप रे.

३१ मे. मालकांकडे जाऊन आलो. काउंटरमागे दुसरा उभा आहे.
हिशेब. खोल्यांचे भाडे व डिपॉझिट ४५,०००. खाटा, गाद्या १९,५००. चाकाची खुर्ची ६,०००. साइट ९,५००. एकूण ८०,०००.
आले : ०.
देणे : बाबांना ८०,०००. बाबा म्हणाले, माझे त्यात धरू नकोस. धरले.