शेवटच्या वावराची पाळी

नाना, सगळ्यात आधी आली ती नातीची मॅडम, स्कूटीवर, एकटीच. नात नि तिची मैत्रीण मागून बसने येत होत्या. मला काय ठाऊक, मी तिला कांदा बघायला आलेली समजले आणि हाताला धरून कांद्याच्या चाळीत नेलं. बिचारीने दोन कांदे दाबूनसुद्धा पाहिले. मग नात आली नि हसून हसून ओट्यावर बसली. म्हणाली, "आजी, या माझ्या कॉलेजच्या मॅडम. आपल्या घरात फोन का लागत नाही ते बघायला आल्यात."

तुम्ही गेलात तेव्हा गावात तारेचा फोनसुद्धा नव्हता, आता हे तुम्हाला कसं सांगू? चांदवडच्या रस्त्याला एक उंच टॉवर आहे. तिथून सगळ्यांच्या फोनला हवेतून वाटा मिळतो. वाटा थोडा आणि घेणारे लय. आमचा मळा पार टोकाला, म्हणून नातीला "जेवलीस का" विचारावं तर उत्तर यायच्या आत आवाज तुटतो. त्या पोरींनी विहिरीपाशी, चिंचेखाली, पार माझ्या चुलीपाशी उभं राहून मोजमाप केलं. मग लॅपटॉपवर टॉवर मांडला, घरांचे ठिपके मांडले. खऱ्या टॉवरला हात न लावता, कुणाला कधी किती द्यायचं ते तिथं करून बघायचं, हेच नातीचं शेवटच्या वर्षाचं काम. मी बघतेय आणि मला आपलं अंगण दिसतंय. तुम्ही उकिडवे बसलाय, काडीने मातीत पाट ओढताय, एकेका वावराला एकेक चिंचोका ठेवताय, आणि मी तांब्यातून धार सोडतेय. गावाच्या पाटाला पाणी सोडायच्या आधी तुम्ही ते अंगणात सोडून बघायचात. पाटकऱ्याची पोर म्हणून मिरवायला मला तेवढं पुरे व्हायचं.

तर झालं असं, टॉवरजवळच्यांना आधी दिलं की सगळ्यांना मिळून किती पोचलं त्याची नातीची बेरीज मोठी यायची, पण आमचा ठिपका काळा. सगळ्यांना सारखं दिलं की बेरीज घसरायची. मॅडम म्हणाली, एवढी घसरली तर परीक्षेला हे काम मान्य होणार नाही, ते टोकाचं घर सोडून दे. नातीचं तोंड एवढंसं झालं. चार महिने ती त्याच घरासाठी खपत होती. मला राहवलं नाही.

"माझे नाना सारखं नव्हते वाटत," मी म्हटलं. "मागच्या पाळीला ज्याची तहान राहिली, त्याला या पाळीला आधी."

मॅडमने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "आजी, पुस्तकात याला भलं मोठं नाव आहे. पण आहे हेच." नातीने तसं करून पाहिलं. बेरीज जराशीच उतरली आणि आमचा ठिपका हिरवा झाला. मी तिसरी शिकलेली बाई, पदर तोंडाला लावून हसत होते नि डोळे गळत होते. तुम्ही हवे होतात, नाना. नुसते ओट्यावर बसून तंबाखू मळत असतात तरी चाललं असतं.

भाकरी खाताना मॅडमने विचारलं, तुमच्या नानांचं कधी चुकलं नाही का? मी म्हटलं, एकदा चुकलं, एका उन्हाळ्यात टोकाच्या काकूंचं वावर कोरडं राहिलं.

त्या सकाळी आईच्या मेथीच्या वाफ्यासाठी पाट मी फोडला होता. तुम्ही काकूंच्या दारात जाऊन "माझं चुकलं" म्हणालात आणि आपली पाळी त्यांना देऊन टाकलीत. मेथी वाळली. मला तुम्ही काही विचारलं नाहीत. माझ्या पायांच्या चिखलाकडे पाहिलंत आणि पाय धुवायला तांब्या पुढे केलात, एवढंच.

तेव्हा ते तुमच्या नावावर गेलं. परवा, एवढ्या वर्षांनी, मी पुन्हा तुमच्याच नावावर घातलं. हा कागद चिंचोक्यांच्या डब्यात ठेवून देते. मॅडम नि पोरी परत मोजमाप घ्यायला येणार आहेत. तेव्हा खरं काय ते सांगायचं म्हणते. रविवारी येतो म्हणून गेल्यात.