निवटीचा गप्प हँडलर

२ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून सिरियस. जानेवारीत शिरढोणच्या ग्राउंडवर डॉग ॲजिलिटीची, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीची मॅच. हर्डल, टनेल, झुलती फळी, एकही चूक न करता. क्लीन रन. नोकरी सुटल्यापासून मी काहीच शेवटपर्यंत नेलेलं नाही. हे नेणार.
आईने कुत्रीचं नाव निवटी ठेवलंय ते बरोबरच. खाडीच्या चिखलात निवटी मासा उडतो, तशीच ही पिल्लू असल्यापासून उडते.

५ नोव्हेंबर
हँडलरसाठी, म्हणजे कुत्र्याला पळवणाऱ्यासाठी, मेंटल स्किल्सचा ऑनलाइन कोर्स लावला. पहिलंच वाक्य: कुत्र्याची प्रत्येक चूक ही हँडलरच्या मनातली चूक असते. पटलं. म्हणजे निवटीत काहीच प्रॉब्लेम नाही. सगळा मीच. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
निवटी टनेलच्या तोंडाशी थांबली. आत जाईना. मी ओरडलो, चल चल चल, शाब्बास माझी बाय, तेव्हा गेली.
कारण: माझी अँग्झायटी. दोरीतून तिच्यात उतरते. उद्यापासून श्वासाचे व्यायाम.

१५ नोव्हेंबर
व्यायाम करताना झोप लागली.

२३ नोव्हेंबर
निवटीने अंगणातली सुकटीची टोपली लवंडली. सरळ चालत जाऊन. आई म्हणाली, एवढी मोठी टोपली, हिला दिसली नाय? तुझ्यासारखीच हाय रं, चालते इकडं नि डोकं भलतीकडं. मी आईला फोकस म्हणजे काय ते समजावलं. आई म्हणाली, तो फोकस ऱ्हाऊ दे, सुकट उचल.

४ डिसेंबर
आजचा धडा जबरदस्त. जास्त बोलणाऱ्या हँडलरचा स्वतःवर विश्वास नसतो. बोलू नका, शरीराला बोलू द्या.
मी तर ग्राउंडवर अखंड बडबडत असतो! बंद. आता फक्त हात आणि खांदे.

११ डिसेंबर
मौनाचा पहिला आठवडा. निवटी हर्डलचे बार पाडतेय. मध्येच उभी राहते, कान टवकारते, मान इकडेतिकडे फिरवते. माझं शरीर वाचायला शिकतेय.
किशोरी, म्हणजे जिच्याकडे आम्ही शिकतो ती, म्हणाली, अरे प्रणित, आवाज दे ना तिला, बोलायचा उपास धरलायस का? म्हटलं, नवीन मेथड आहे. तर म्हणे, मेथड तुझी आणि आपटतेय ती.
किशोरी जरा ओल्ड स्कूलच.

२० डिसेंबर
घरीही मौन सुरू केलं, निवटीपुरतं. कन्सिस्टन्सी पाहिजे. जेवणं झाल्यावर ती माझ्या दारात येऊन उभी राहते. मी हाताने बोलावतो. ती तशीच उभी. मग स्वयंपाकघरात आईची बडबड चालू असते, तिकडे जाते.
चालेल. ग्रोथ एकट्यानेच करायची असते.

१ जानेवारी
संकल्प. चिडायचं नाही. भ्यायचं नाही. बोलायचं नाही.

११ जानेवारी, दुपार
मॅचआधी कुत्र्याला बाजूला ठेवून हँडलरने अडथळ्यांचा मार्ग चालून बघायचा असतो. मी असा चाललो की वळण न वळण पाठ. मनातल्या मनात क्लीन रन झालीसुद्धा.
खरी रन. पहिला बार ठीक. दुसऱ्यानंतर मी उजवीकडे वळलो, हात केला. निवटी वळली नाही. फुल स्पीडमध्ये सरळ गेली ती झुलत्या फळीच्या लोखंडी स्टँडवर. तो आवाज पार गेटपर्यंत गेला असेल.
मी तेव्हाही ओरडलो नाही. मनात पहिला विचार आला, मौन टिकलं.
किशोरी धावली. मी तिच्या मागून.

१२ जानेवारी
खांद्याला मार आहे, हाड शाबूत. मग डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा निवटीच्या नाकासमोरून खाली सोडला. तिने मान हलवली नाही. दुसऱ्या बाजूने सोडला. नाही.
म्हणाल्या, डोळ्यांमागचा पडदा हळूहळू जातो. आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं, मग दिवसाचं. याला औषध नाही. इतके महिने ही तुमच्या आवाजावर पळत असणार, फार हुशार आहे हो. तुम्ही आपले बोलत राहा तिच्याशी.
म्हटलं, हो, बोलतोच की.
मौनाचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

१८ जानेवारी
कोर्स उघडलाच नाही. सकाळी अंगणात निवटीला हाक मारली, थोड्या लांबून. कान उभे राहिले. आली नाही. परत मारली. आई ओट्यावरून म्हणाली, हाक मारतोस का हजेरी घेतोस तिची? नीट बोल की रं.
नीट म्हणजे काय, तेच सुचेना. आधी मी तिच्याशी दिवसभर काय बडबडायचो, एक शब्द आठवेना.
शेवटी मीच चालत गेलो. तिने माझा हात हुंगला. बराच वेळ. कोण आलंय ते बघत होती.