कोइकर कुणाला म्हणायचं

मेपल, ९ सप्टेंबर १९७६

प्रिय रूलिन,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार ओळींचं. तुला बोलायलाच लागत नाही, तर लिहायला कशाला लागेल! हिल्ला कामावरून यायच्या आत मी ते तीनदा वाचलं आणि पावाच्या डब्यामागे दडवलं. पण पोरगी माझीच, तिनं शोधून काढलं. "आई, मावशीचं पत्र आलंय आणि तू बोलली नाहीस?" म्हणाली, आणि उभ्या उभ्या वाचताना तिचा चेहरा असा उजळला की माझ्या पोटात दुखायला लागलं. वीस वर्षं तिच्या उशाशी मी बसले. आणि तू 'मला धाप लागते, हिवाळ्याआधी हिल्लाला पाठव, तळं तिच्या हाती द्यायचंय' एवढं लिहिलंस, तर ही लगेच शनिवारची बस बघून आली.

मी जळते तुझ्यावर, रूलिन. एकदा लिहूनच टाकते. पंचावन्न वर्षांची झाले, आता कसली लाज! तू लग्न केलं नाहीस, तुझ्या दारावर अजून 'कोइकर' अशी पाटी आहे, आणि पाटीवर लिहिलंय तेच तू करतेस. माझ्या दारावर 'बाकर' आहे. बाकर म्हणजे पाववाला, आणि आमचे वुबे जन्मभर पोस्टात शिक्के मारतात, त्यांना धड पाव कापता येत नाही. पणजोबांची गोष्ट बाबा सांगायचे, आठवते ना? आडनावं लिहून घेणारा कारकून आला, तेव्हा पणजोबा म्हणाले, 'मी कोइ सांभाळतो, बदकं धरायचं तळं. कोइकर लिहा.' पण बोलले इतकं हळू, की बिचाऱ्याला तीनदा विचारावं लागलं. बाबा म्हणायचे, "तिथंच कळलं की नाव बरोबर पडलं." आई हसायची. मी नाही हसले कधी. आपल्या घरात माझाच आवाज मोठा होता ना.

हळू गं, आल्बेर्ता. माझं लहानपण या तीन शब्दांत गेलं. तळ्याभोवतीच्या खुणेच्या खांबांच्या आत गावातलं कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, टपालवालासुद्धा घंटी न वाजवता सायकल हातात धरून यायचा. आणि मी? मी पाद्रीबाबांच्या खोकल्याची नक्कल करायचे, शेजारच्या गाईची करायचे, तुझ्या कुत्रीची, पीनचीसुद्धा. आईला हसून हसून उचकी लागायची. तू कोपऱ्यात पीनच्या केसांतले काटे काढत बसलेली असायचीस, न हसता, न बोलता, आणि बाबा तुझ्याकडे बघायचे. कसे बघायचे ते तुला कधी दिसलं नाही. मला रोज दिसायचं.

मी थोरली. आधी माझा नंबर होता. 'या शरदात तुला आत नेतो,' असं बाबांनी मला जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं. शाळेतल्या पोरींना मी सांगून ठेवलं होतं की बाबा मला दलदलीच्या सुक्या मातीचं धुमसतं ढेकूळ देणार, बदकांना माणसाच्या श्वासाचा वास येऊ नये म्हणून ते तोंडापुढे धरायचं असतं. धुराच्या वासाचा सराव व्हावा म्हणून मी चुलीजवळ तासन्‌तास बसायचे. आणि छत्तीसच्या ऑक्टोबरात एका सकाळी ते ढेकूळ त्यांनी तुझ्या हातात दिलं. तू बारा वर्षांची. "कुत्री हिच्याबरोबर चालते," एवढंच म्हणाले. मला दुधाची बरणी घेऊन खांबांपाशी थांबायला सांगितलं. तुम्ही दोघं बोरूच्या कुडांमागे गेलात, पुढे पीन, तिची ती झुपकेदार पांढरी शेपटी एका कुडाआड जायची, पुढच्यापाशी दिसायची. बदकांची जात चौकस. शेपटीमागे पोहत पोहत ती चरात शिरतात, जाळ्याखाली. हे मला सगळं माहीत होतं. ऐकून माहीत होतं.

त्या सकाळी पीन भुंकली आणि तळ्यावरची सगळी बदकं उठली. आभाळ काळं झालं. महिनाभर एकही परत आलं नाही, आणि तो हिवाळा आपण बटाट्यांवर आणि बटाट्यांच्या पाण्यावर काढला. तू म्हणत राहिलीस, "बाबा, ती नाही भुंकली." बाबा म्हणाले, "रूलिन, मी माझ्या कानांनी ऐकलं." पीन तेव्हा कुडाआड होती, तुला दिसत नव्हती, मग शपथ कसली घेणार? तिसऱ्या दिवशी तू हळूच म्हणालीस, "भुंकली असेल." भुंकणारी कुत्री कोइच्या कामाची नाही. बाबांनी ती पलीकडच्या शेतकऱ्याला राखणीला देऊन टाकली. त्यानं तिला साखळीला बांधलं. तू रडलीस तीसुद्धा आवाज न करता.

वसंतात चर्चच्या दाराशी तो शेतकरी बाबांना भेटला. तू आईबरोबर पुढे गेली होतीस. "काय हार्म, फसवलंत की मला! तुमची कुत्री भुंकतच नाही. पाहुणा येवो नाहीतर चोर, हूं की चूं नाही. मुकी आहे का?" बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं झाली, ते बघणं अजून माझ्या अंगावरून उतरलेलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ना आईला सांगितलं, ना तुला, आणि मला पुन्हा कधीही तळ्यावर बोलावलं नाही. मी मात्र वुबेंना, शेजारणींना, हिल्लालासुद्धा सांगत आले की बाबांनी धाकटीला जवळ केलं आणि मला दूर लोटलं. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पीन भुंकली नव्हती, रूलिन. मी भुंकले, खांबांपाशी उभी राहून, दुधाची बरणी हातात धरून, एकदाच. तू खरं बोलत होतीस आणि माझ्यामुळे खोटी ठरलीस. हे न सांगता हिल्लाला बसमध्ये बसवता आलं असतं. कालपर्यंत तेच ठरवलं होतं. पण काल संध्याकाळी ती पायातले जोडे काढून या खोलीतून त्या खोलीत चालण्याचा सराव करत होती, आणि मला तिची चाहूलही लागली नाही. वळले तर माझ्या मागे उभी. तेव्हा कळलं की ही माझी नाही, तुमची आहे, तुझी आणि बाबांची. पुन्हा जळले, अगदी तशीच. पण या वेळी तोंड दाबून बसले. हे पत्र शुक्रवारी तुला मिळेल. वाचून तुला माझी पोर दारात नको असेल तर त्याच दिवशी तार कर, मी तिला थांबवीन, आणि खोटं कशाला सांगू, मनातून मला बरंही वाटेल. घेणार असलीस तर एवढंच ऐक. हिल्लाला कुणाचीही नक्कल येत नाही. मी तिला ती कधी शिकवली नाही.

खांबांच्या बाहेर उभी असलेली, तरी तुझीच,
आल्बेर्ता